दुपारची हजेरी घेणाऱ्या वर्गशिक्षिकेला अनावृत पत्र

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं आणि तुमच्या वर्गातल्या त्या मुलाचं नाव इथे मुद्दाम घेत नाही. कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांबरोबर काम करणारे आम्ही समुपदेशक. मूल आमच्यापर्यंत येतं तोवर बरंच काही होऊन गेलेलं असतं. हा मुलगा आमच्याकडे यायच्या आधीच सावरला, तो तुमच्यामुळे. तुम्ही नेमकं काय केलंत हे इतर वर्गशिक्षकांनाही कळावं, म्हणून हे आभार जाहीरपणे मानतो आहोत.

पहिले आभार हजेरीचे. मधल्या सुट्टीनंतर तुम्ही दुसऱ्यांदा हजेरी घ्यायचात. एकदाच हजेरी घेतली तर दुपारी पसार झालेलं मूल हजेरीपटावर दिवसभर हजर दिसतं. एकूण दिवसांच्या १० टक्के गैरहजेरी ही धोक्याची रेषा मानली जाते. महिन्यात शाळेचे २० दिवस धरले तर दोनच खाड्यांत ती गाठली जाते. तिसऱ्या खाड्याला त्याच दिवशी तुम्ही घरी फोन केलात, ती घाई मुळीच नव्हती. शिवाय फोनवर तक्रार नव्हती. ‘आज तो दिसला नाही, सगळं ठीक आहे ना?’ एवढंच विचारलंत. तक्रारीने सुरू झालेला फोन संध्याकाळी मुलाच्या पाठीवर उमटतो आणि पुढच्या वेळी घरचे फोन उचलत नाहीत. शाळा बुडाली की अभ्यास मागे पडतो, मागे पडलं की वर्गात बसण्याची लाज वाटते, म्हणून पुन्हा शाळा बुडते. त्या मोकळ्या दुपारी बाहेर भेटतात ती शाळा सोडलेली, वयाने मोठी मुलं. हे चक्र सुरुवातीलाच थांबवणं सोपं असतं. वर्षभराने फार अवघड होतं.

त्याच्याभोवती जोखमीचे घटक कमी नव्हते: उतावळा स्वभाव, घरात सतत भांडणं, कच्चं वाचन, मोठ्या मुलांची सोबत. यातलं एखादं कारण मुलाला गुन्ह्याकडे नेत नाही. चार-पाच एकत्र आले की धोका वाढत जातो. तरीही तो धोकाच असतो, निकाल नव्हे. हवाई बेटांमधल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि सहकाऱ्यांनी अनेक दशकं मागोवा घेतला. ज्यांच्या वाट्याला चार किंवा जास्त जोखमी आल्या होत्या, त्यांतली सुमारे एक तृतीयांश मुलं सक्षम, जबाबदार माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात काय वेगळं होतं हे पाहिलं, तर निदान एका मोठ्या माणसाशी टिकून राहिलेलं नातं पुन्हा पुन्हा दिसतं, आणि कधी ते माणूस शिक्षक असतं. स्टाफरूममध्ये तुम्ही त्याला ‘वाया गेलेला’ म्हणू दिलं नाहीत आणि जे बदलता येईल तेवढंच हाती घेतलंत. वडिलांचा भूतकाळ बदलत नाही; हजेरी, वाचन, सोबत आणि घरातलं लक्ष बदलतं.

त्रासदायक मुलांना एकत्र आणण्याबद्दल तुम्ही घेतलेली भूमिका आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. सगळ्या त्रासदायक मुलांचा शाळा सुटल्यावर एक वेगळा गट करावा, अशी सूचना आली होती. तिच्यामागचा हेतू चांगलाच होता, पण परिणाम उलटा होऊ शकतो. अशा गटात नियम मोडल्याच्या गोष्टींना हशा मिळतो आणि तो हशा मार्गदर्शकाच्या उपदेशापेक्षा जास्त शिकवतो. बॉस्टनजवळ १९३९ ते १९४५ या काळात मुलांना गुन्ह्यापासून दूर ठेवण्याचा केंब्रिज-सॉमरव्हिल नावाचा प्रकल्प चालला. मुलांना समुपदेशक, शिकवणी, उन्हाळी शिबिरं असं सगळं दिलं गेलं. सुमारे तीस वर्षांनी गुन्हेशास्त्रज्ञ जोन मॅकॉर्ड यांनी त्या मुलांचा शोध घेतला, तेव्हा मदत मिळालेला गट मदत न मिळालेल्या गटापेक्षा काही बाबतींत वाईट अवस्थेत सापडला. पुढच्या विश्लेषणात हे नुकसान मुख्यतः एकाहून अधिक वेळा शिबिराला पाठवलेल्या मुलांमध्ये दिसलं. तुम्ही त्याला नाटकाच्या मिश्र गटात घातलंत: ठरलेली वेळ, ठरलेलं काम, सतत हजर असणारी मोठी व्यक्ती आणि बहुतेक मुलं कसलाही त्रास नसलेली. या चारपैकी एकही गोष्ट गळली की गटाचा नुसता अड्डा होतो.

तुरुंग दाखवून धाक बसवायची सहलही तुम्ही नाकारलीत. अमेरिकेत १९७०च्या दशकापासून असे कार्यक्रम गाजले. पण चिठ्ठ्या टाकल्यासारख्या पद्धतीने दोन गट पाडून तुलना केली, तेव्हा तुरुंग पाहून आलेल्या मुलांनी न पाहिलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे केले. हे अनेक चाचण्यांमध्ये दिसूनही ही कल्पना मरत नाही, म्हणून इथे ठळकपणे सांगतो आहोत.

त्याच्या वागण्याचे गुण नोंदवायला तुम्ही दिलेल्या रोजच्या कार्डाबद्दलही लिहायला हवं. सकाळी दोन मिनिटं भेट, प्रत्येक तासाला ०, १ किंवा २ गुण, सुटताना पुन्हा दोन मिनिटं, आणि लक्ष्य एकूण गुणांच्या ८० टक्के. पद्धत साधी आहे, ती मोडते वापरताना. तास संपल्यावर लगेच गुण न देता संध्याकाळी आठवून दिले की मुलाला आपल्या वागण्याचा आणि गुणाचा संबंध कळत नाही. शून्याबरोबर भाषण जोडलं की कार्ड ही शिक्षा होते आणि ते ‘हरवतं’. तुम्ही रजेवर असताना कार्ड कोण पाहणार हे आधीच ठरवलं होतंत. सुधारणा दिसली म्हणून एकदम बंदही केलं नाहीत. आधी दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा. मार्गदर्शक म्हणून येऊ पाहणाऱ्या स्वयंसेवकाला वर्षभर येण्याची खात्री देता येईना, तेव्हा तुम्ही नम्रपणे नकार दिलात. तेही योग्यच. दोन-तीन महिन्यांत तुटलेलं असं नातं मुलाचा स्वतःवरचा विश्वास आणखी कमी करू शकतं.

त्याच्या आईशी तुम्ही जे बोललात, त्यासाठी वेगळे आभार. घरात चालायचं ते असं: आई सांगते, तो ओरडतो, आई थकून सोडून देते. ओरडण्याने त्याची सुटका होते आणि सोडून दिल्याने आईला शांतता मिळते, म्हणून दोघंही तेच पुन्हा करतात. मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी हा सापळा नीट उलगडून दाखवला आहे. कधी आईचा संयम संपतो, मार बसतो. कधी ढिलाई, कधी मार, ही अनिश्चितता त्यात भर घालते. तुम्ही दहा नियम सांगितले नाहीत. अंधार पडण्याआधी घरी येणं, हा एकच नियम. मोडला तर दुसऱ्या दिवशी अर्धा तास लवकर परतायचं, दरवेळी तेवढंच. पाळला तर त्याच क्षणी चांगला शब्द. पहिल्या दिवसांत त्याचा आरडाओरडा वाढेल, तेव्हा मागे हटू नका, हेही आधीच सांगितलंत. ही सूचना नसेल तर बहुतेक घरं तिथेच हार मानतात.

आणखी एक. ‘कुठे होतास, कोणाबरोबर होतास’ ही उलटतपासणी तुम्ही थांबवायला लावलीत. स्वीडनमध्ये हाकान स्टॅटिन आणि मार्गारेट केर या संशोधकांनी २००० साली दाखवून दिलं की पालकांना मुलांच्या दिनक्रमाची जी माहिती असते, ती बहुतांशी मुलांनी आपणहून सांगितल्यामुळे असते, पहाऱ्यामुळे कमी. जेवताना फक्त ऐकायचं, पहिल्या वाक्यावर रागवायचं नाही, हा तुमचा सल्ला म्हणून मोलाचा.

वर्गमित्राचा मोबाइल त्याच्या दप्तरात सापडला, तेव्हा प्रकरण पोलिसांकडे न्यायचा आग्रह झाला होता. तुम्ही आधी ज्याचा मोबाइल गेला त्या मुलाला आणि त्याच्या घरच्यांना विचारलंत, त्यांची तयारी असल्यावरच समोरासमोर बसवलंत, आणि भरपाई मोबाइल घेणाऱ्याच्याच श्रमातून करून घेतलीत. किशोरवयात किरकोळ नियमभंग पुष्कळ मुलं करतात आणि विशीत पोहोचेपर्यंत बहुतेकांचं ते सुटतं. अशा किरकोळ प्रकरणात औपचारिक कारवाईत ओढलेली मुलं पुढे कमी गुन्हे करतात असं दिसलेलं नाही. उलट थोडे जास्तच. मात्र गंभीर हिंसा, शस्त्र किंवा लैंगिक अत्याचार असेल तर ते शाळेत मिटवायचं नसतं. ही सीमा तुम्ही मुख्याध्यापकांना लेखी दिलीत, याचाही उल्लेख करायला हवा.

वर्षअखेरीस तुम्ही पुढच्या वर्गशिक्षकांसाठी एक पानाची टिपण लिहिलीत. त्यात त्याच्या चुकांची यादी नव्हती. सकाळी कोणाशी बोलल्यावर तो शांत बसतो, वाचनात कुठल्या पातळीवर आहे, कार्ड कोणत्या टप्प्यावर आहे, आईला कोणत्या वेळी फोन करावा, एवढंच होतं. वर्ग बदलताना ही माहिती हरवते आणि सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं. त्या टिपणाचा कोरा नमुना इतर शाळांना द्यायची तुमची परवानगी हवी आहे.

आपले कृतज्ञ,
मुलांबरोबर काम करणारे समुपदेशक