एसीत बसायला काय होतंय?

वाकड, पुणे
रविवार, १३ जुलै २०२५

प्रिय दिग्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "एसीत बसायला काय होतंय रे तुला? आम्ही बसतोच की दुकानात घाम पुसत." आणि हसलास. मी फोन कट केला तो रागानं नाही, भूमकर चौकात सिग्नल सुटला होता आणि मागचा टेम्पोवाला बोंबलत होता म्हणून. पण उत्तर घशात अडकून राहिलं. आज रूमवरचे दोघंही झोपलेत, म्हणून लिहायला बसलो. फोनवर हे जमायचं नाही, तू मध्येच "गिऱ्हाईक आलं" म्हणशील.

आधी पैशाचं सांगतो, हिशोब तुला पटकन कळतो. २०१९ ला आयटी कंपनीत लागलो तेव्हा वर्षाला पगार ३ लाख ३६ हजार. आमच्या चुलत दादाला सात वर्षं आधी साधारण तेवढ्यावरच घेतलं होतं. त्या सात वर्षांत तुझ्याकडच्या वायरच्या बंडलाचा भाव कुठं गेला, ते तूच सांग. आता माझे ६ लाख ४० हजार आहेत म्हणतात. म्हणतात अशासाठी, की त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ, नोकरी सोडेन तेव्हाची ग्रॅच्युइटी, विम्याचा हप्ता आणि मिळाला तर मिळाला असा व्हेरिएबल, सगळं कोंबलेलं असतं. हातात पडतात ४४ हजार. यंदा ४ टक्के वाढ दिली. ती सांगायला मॅनेजरनं कॉलवर घेतलं आणि अर्धा तास माझं कौतुक केलं. एवढं कौतुक ऐकल्यावरच ओळखलं, आकडा बारीक असणार.

पण दिग्या, खरी मेख इथं नाही. दोन वर्षांपूर्वी हातात ३९ हजार पडायचे आणि मी श्रीमंत होतो. कराडला माडीवर टेबल, खाली आईचा स्वयंपाक, संध्याकाळी काम उरकलं की तुझ्याबरोबर प्रीतिसंगमावर एक चक्कर. घरात १० हजार देऊनही बाजूला पडायचे. आता इथं भाड्याचा माझा वाटा ९,५००, मेसचे ३,८००, पेट्रोल ३ हजार. लाइटबिल, कामवाल्या मावशी, चहा-नाष्टा, कधीमधी कराडची एसटी असं धरलं की २० हजारांच्या खाली येत नाही. पगाराला कुणी हात लावला नाही. नुसता एक मेल आला, की आता घरून काम बंद, ऑफिसात येऊन बसा.

त्या मेलमध्ये 'आपण सारे एकत्र' वगैरे होतं. जानेवारीत आठवड्याला ३ दिवस, एप्रिलपासून पाचही. हजेरी कमी भरली तर व्हेरिएबलला कात्री. गेटवर कार्ड लावलं की घड्याळ सुरू, बाहेर पडताना लावलं की बंद, मध्ये ९ तास भरले पाहिजेत. काही पोरं सकाळी कार्ड लावतात, कॉफी पितात, दुपारी कार्ड लावून गुल. ती पकडता यावीत म्हणून तास मोजणं सुरू झालंय. शाळेत आपण हजेरी देऊन मागच्या भिंतीवरून उडी मारायचो, तेच. फक्त आता आम्ही तिशीच्या जवळ आलोय.

आत जाऊन काय करतो, ते ऐक. माझ्या टीममधला एकही माणूस पुण्यात नाही. दोघं चेन्नईत, एक कोचीत, क्लायंट अमेरिकेत. बसायची जागा आदल्या रात्री ८ वाजता ॲपवर बुक करायची. ८ वाजून २ मिनिटांनी खिडकीकडच्या सगळ्या गेलेल्या असतात, उरते ती बाथरूमच्या दाराजवळची. तिथं बसून कानाला हेडफोन लावून चेन्नईशी बोलतो. डावीकडचा हैदराबादशी बोलतो, उजवीकडची लंडनशी. शेजारी कोण बसलंय ते मला तीन महिने माहीत नव्हतं. एकदा तिचा चार्जर मागितला तेव्हा कळलं, साताऱ्याची आहे. आणि गंमत म्हणजे क्लायंटचा कॉल असतो रात्री साडेआठला. तेव्हा मात्र घरून काम केलेलं चालतं! त्या वेळी 'एकत्र' कुणालाच आठवत नाही.

जायची-यायची तऱ्हा तर विचारूच नकोस. वाकडहून ऑफिसपर्यंत, म्हणजे हिंजवडी आयटी पार्कच्या फेज ३ पर्यंत, नऊ-दहा किलोमीटर, सकाळी तास लागतो. जूनच्या पावसात रस्त्याचा ओढा झाला होता, बूट हातात घेऊन पायात कुणाच्या तरी चपला घालून ऑफिसात गेलो. एवढं मोठं आयटी पार्क, पण हिंजवडी-माण अजून ग्रामपंचायतीत. पाणी तुंबलं की एमआयडीसी, पीएमआरडीए (पुण्याचं महानगर विकास प्राधिकरण) आणि ग्रामपंचायत एकमेकांकडे बोट दाखवतात. डोक्यावर मेट्रोचे खांब आहेत. पायाभरणी डिसेंबर २०१८ मध्ये झाली, म्हणजे मी नोकरीला लागायच्या आधी. गाडी अजून प्रवासी घेत नाही. सावली मात्र चांगली पडते.

ऑफिसच वाईट असं मी म्हणणार नाही. पहिल्या वर्षी मी जे शिकलो ते एका सीनियरच्या शेजारी खुर्ची ओढून. तो नुसता लॉग, म्हणजे सिस्टिमच्या नोंदी, वाचताना तोंडातल्या तोंडात पुटपुटायचा, त्यातनं शिकलो. नव्या पोरांना हे मिळायला हवं. आणि कराडला तरी सगळं गोड कुठं होतं? कॉल चालू असताना आई खालून "दूध उतू चाललंय" म्हणून ओरडायची, ते पलीकडे अमेरिकेत ऐकू जायचं. पण मला शिकवायला इथं कोणी नाही आणि मी शिकवावं असं कोणी माझ्याजवळ बसवलेलं नाही. मग बोलावलं कशाला? आमच्या मजल्यावरच्या एका ताईंनी दीड वर्षाच्या मुलासाठी आठवड्याला दोन दिवस घरून मागितले. 'पॉलिसी बघा' असं उत्तर आलं. त्यांनी पॉलिसी बघितली आणि राजीनामा दिला.

"मग तूही सोड की," म्हणशील. बघतोय. दोन ठिकाणी मुलाखती झाल्या. दोघांनाही माणूस महिन्याभरात हवा, माझा नोटीस पीरियड ९० दिवसांचा. आधी राजीनामा टाकून मग शोधायचं धाडस अण्णांच्या औषधांचं बिल बघितलं की गळून पडतं. एक ठिकाण पूर्ण घरून आहे, पगार आहे तेवढाच. तरी घेईन म्हणतो. वाढ न मिळता २० हजार वाढतात, हे तुला आता सांगायला नको.

आषाढीही मेली यंदा रविवारी आली, तीही सुट्टी वाया गेली. गणपतीला येतो.

एक काम कर. २०२० मध्ये तू माडीवर उधारीत बसवून दिलेला इन्व्हर्टर तसाच आहे. माझ्या टेबलावर आईनं कुरडयांचे डबे मांडलेत, ते असू देत. पण बॅटरीत पाणी घालायला कुणी नाही, आणि अण्णांना वाकायला जमत नाही. दुकानातनं घरी जाताना एकदा बघून ये. लागलं तर पाणी घाल. बॅटरीच्या पाण्याच्या डब्याचे पैसे माझ्या नावावर मांडून ठेव.

तुझा,
विन्या