गुंड्रेड कुणाची मुलगी?

प्रिय मुकुंद,
सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेला इंग्लंडमधल्या सरेच्या वॉरेन या सरदार घराण्याचा वंशवृक्ष नीट वाचला. फ्रँकांचा सम्राट शार्लमेन याच्यापर्यंतची साखळी देखणी दिसते, पण तिच्यातली एक कडी कच्ची आहे. पहिल्या विल्यम द वॉरेनची बायको गुंड्रेड ही इंग्लंड जिंकणाऱ्या विजेत्या विल्यम राजाची आणि राणी माटिल्डाची मुलगी, असं तू लिहिलं आहेस. ते नातं खोटं आहे. त्यामुळे माटिल्डाचे वडील पाचवा बाल्डविन, त्यांच्या वरचे फ्लँडर्सचे सगळे काउंट, पहिल्या बाल्डविनची बायको जुडिथ आणि तिच्यामार्गे शार्लमेन, एवढी सगळी वाट बंद होते. हे प्रकरण सविस्तर लिहितो, कारण वंशावळीची कडी कशी तपासायची हे शिकायला याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही.

आधी पुरावे वयाप्रमाणे लाव. गुंड्रेड २७ मे १०८५ रोजी नॉरफकमधल्या कॅसल एकर इथे बाळंतपणात गेली आणि ससेक्समधल्या लुइसच्या मठात तिचं दफन झालं. तो मठ तिने आणि नवऱ्यानेच स्थापला होता. ती राजकन्या होती असं सांगणाऱ्या सनदा याच मठाच्या आहेत, आणि त्या ज्या वहीत उतरवून घेतल्या ती वही १४४४ सालची. म्हणजे मृत्यू आणि वही यांत साडेतीनशेहून जास्त वर्षांचं अंतर. त्यात फायदा कुणाचा? मठाचाच. संस्थापिका राजाची मुलगी ठरली की जमिनींवरचा हक्क भक्कम होतो. वतनाच्या तंट्यात हजर केलेला करिना, म्हणजे हक्काची हकीकत सांगणारा कागद, आपण ज्या सावधपणे वाचतो, त्याच सावधपणे या सनदा वाचायच्या. त्यातला प्रत्येक शब्द खोटा असतो असं नाही. पण नेमका हक्क सांगणारा शब्द मागाहून घुसडलेला असू शकतो, आणि इथे तसंच झालं आहे.

आता तिच्या काळाजवळचे साक्षीदार बघ. १०७५ साली जन्मलेला इतिहासकार ऑर्डेरिक व्हिटालिस तिला फ्लँडर्सच्या गर्बोडची बहीण म्हणतो. हा गर्बोड काही काळ चेस्टरचा अर्ल, म्हणजे वरच्या दर्जाचा सरदार, होता. तिला फ्रेडरिक नावाचा आणखी एक भाऊ होता. १०८६ च्या डूम्सडे पाहणीत, म्हणजे राजाने करवलेल्या इंग्लंडच्या जमिनींच्या मोजदादीत, नॉरफकमधल्या वॉरेनच्या काही जमिनी 'फ्रेडरिकची जहागीर' म्हणून नोंदल्या आहेत. मेव्हण्याची जमीन वॉरेनकडे आली, हे त्यातून दिसतं. गर्बोड किंवा फ्रेडरिक राजाचे मुलगे असल्याचं कुणीही म्हटलेलं नाही.

तिच्या थडग्यावरची काळ्या संगमरवराची शिळा बाराव्या शतकातली आहे. १७७४ साली ती इसफील्डच्या चर्चमध्ये दुसऱ्याच कुणाच्या कबरीवर सापडली. पुढे १८४५ मध्ये लुइसच्या मठातून रेल्वेमार्ग खोदताना तिच्या आणि नवऱ्याच्या अस्थींच्या शिशाच्या पेट्या नावांसकट मिळाल्या. शिळेवरच्या लॅटिन ओळी तिला 'ड्यूकांच्या वंशातली' म्हणतात. बाप इंग्लंडचा राजा असता, तर शिळा कोरणाऱ्याने राजा गाळून ड्यूक लिहिला नसता. अर्थात काव्यातल्या एका विशेषणावर मी निवाडा देणार नाही. जोडपुरावा म्हणूनच ते धर.

खरा निर्णायक पुरावा एका मोडलेल्या सोयरिकीचा आहे. तो समजायला चर्चची मोजणी यायला हवी. दोघांचा समान पूर्वज शोधायचा, तो शून्य धरायचा, आणि तिथून दोन्ही बाजूंनी खाली उतरत पायऱ्या मोजायच्या. सख्खी भावंडं पहिल्या पायरीवर, चुलत, मामे, आते, मावस भावंडं दुसऱ्या, त्यांची मुलं तिसऱ्या. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेपर्यंत सातव्या पायरीपर्यंत लग्न निषिद्ध होतं. त्या परिषदेने ही मर्यादा चौथ्या पायरीवर आणली.

गुंड्रेडचा मुलगा दुसरा विल्यम द वॉरेन याच्याशी राजा पहिला हेन्री आपल्या एका अनौरस मुलीचं लग्न लावायच्या विचारात होता. कँटरबरीचे आर्चबिशप अँसेल्म यांनी हेन्रीला पत्र लिहून हरकत घेतली: ही दोघं नात्यातली आहेत, एक चौथ्या पिढीवर, दुसरी सहाव्या. आता मोजून बघ. बखरकार रॉबर्ट ऑफ तोरिन्यी वॉरेन घराण्याचा उगम नॉर्मंडीच्या ड्यूकची बायको गुनोर हिच्या भाचीपाशी नेतो. म्हणून गुनोरचे वडील शून्य धरू. एका बाजूने गुनोर १, ड्यूक दुसरा रिचर्ड २, रॉबर्ट ३, विजेता विल्यम ४, हेन्री ५, हेन्रीची मुलगी ६. दुसऱ्या बाजूने गुनोरची बहीण १, तिची मुलगी २, पहिला विल्यम द वॉरेन ३, दुसरा ४. अँसेल्मचे आकडे चोख जुळतात.

आणि गुंड्रेड राजाची मुलगी असती तर? तर ती हेन्रीची बहीण, आणि दुसरा विल्यम त्या मुलीचा सख्खा आतेभाऊ. दोघंही दुसऱ्या पायरीवर. आपल्याकडे मामाची मुलगी करायची रीत असल्याने तुला त्यात वावगं वाटणार नाही, पण तिथे याहून उघड अडचण दुसरी नव्हती. एवढं जवळचं नातं समोर असताना अँसेल्म गुनोरच्या बापापर्यंत चढले नसते. इतिहासकार एडवर्ड फ्रीमनने १८८८ मध्ये हाच मुद्दा मांडला, आणि मला तो आजही अकाट्य वाटतो.

मात्र हे हत्यार उलटं वापरू नकोस. हरकत घेतली म्हणजे नातं होतं, एवढंच म्हणता येतं. हरकत घेतली नाही म्हणजे नातं नव्हतं, असं म्हणता येत नाही. फ्रान्सचा सातवा लुई आणि अ‍ॅक्विटेनची एलेनॉर ही फ्रान्सच्या दुसऱ्या रॉबर्टपासून चौथ्या आणि पाचव्या पायरीवर होती. लग्न ११३७ साली झालं, नात्याच्या कारणावरून ते रद्द झालं मार्च ११५२ मध्ये, मुलगा होत नव्हता तेव्हा. मे महिन्यात एलेनॉरने फ्रान्समधल्या आंजूच्या हेन्रीशी (पुढे इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री) लग्न केलं, आणि तो तर आंजूच्या अर्मेंगार्डपासून चौथ्याच पायरीवर, तीही चौथ्या. त्या वेळी कुणी अडवलं नाही.

आता तुझ्या वृक्षातल्या बाकीच्या जागा. विल्यम नावाचे तीन अर्ल लागोपाठ आहेत: मृत्यू १०८८, ११३८ आणि ११४८. तू दुसरा आणि तिसरा एकच केला आहेस, म्हणून तिथे एका पिढीत साठ वर्षं जातात. बाईचं वय बाळंतपणाच्या वेळी पंधरा ते पंचेचाळीसच्या बाहेर गेलं, की नावं एकत्र झाली किंवा एखादी पिढी गळाली असं समजायचं. तिसरा विल्यम क्रूसेडमध्ये मारला गेला आणि मागे एकटी मुलगी इसाबेल राहिली. तिचा दुसरा नवरा हॅमेलिन हा राजा दुसऱ्या हेन्रीचा अनौरस सावत्र भाऊ. त्यांच्या मुलांनी वॉरेन आडनाव लावलं. म्हणजे ११६४ नंतरचे वॉरेन पुरुषवंशाने आंजूचे आहेत. नाव टिकलं म्हणून रक्ताची पुरुषरेषा टिकली, असं लिहू नकोस. तू गुंड्रेडशेजारी काढलेली सोनेरी-निळ्या चौकड्यांची ढालही काढून टाक. वंशपरंपरागत ढालचिन्हं बाराव्या शतकात रुजली.

तेराव्या शतकापासून काम सोपं होतं. साधारण १२३६ पासून जहागीरदार वारला की राजाचे अधिकारी पंच बसवून वारसाचं नाव आणि वय लिहून घेत. पण 'एकवीस वर्षं आणि जास्त' असं दिसलं तर त्यावरून जन्मवर्ष काढू नकोस. त्याचा अर्थ सज्ञान, इतकाच. नेमकं वय हवं तर सज्ञानतेच्या चौकशीचे कागद बघ. तारखांतही फसगत होते. त्या काळी इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून कागदावरचा फेब्रुवारी १३०० म्हणजे आपला १३०१. राजा जॉनची राज्यवर्षं तर स्वर्गारोहणाच्या सणापासून मोजतात आणि तो सण दरवर्षी सरकतो, त्यामुळे त्याची सगळी वर्षं सारख्या लांबीची नाहीत.

आता शार्लमेनचं. ती वाट पूर्ण बंद नाही, फक्त एक पिढी खाली सरकते. दुसऱ्या विल्यमची बायको फ्रान्समधल्या व्हर्मांद्वाची इसाबेल. तिची आई अडेलेड ही व्हर्मांद्वाच्या काउंटांची वारस, आणि ते काउंट इटलीचा बर्नार्ड व त्याचा बाप पेपिन यांच्यामार्गे शार्लमेनचे वंशज. इथल्या कड्या पक्क्या आहेत. फक्त या इसाबेलचे दोन संसार झाले, पहिला म्यूलाँच्या काउंट रॉबर्ट द ब्यूमाँशी, दुसरा वॉरेनशी. ११०४ मध्ये जन्मलेले जुळे वालेरान आणि रॉबर्ट ही पहिल्या घरची मुलं आहेत. तू त्यांना वॉरेनखाली लावलं आहेस. त्यांना तिथून हलव, आणि स्कॉटलंडच्या दोन राजांची आई झालेली अ‍ॅडा वॉरेनखालीच ठेव.

दुरुस्त करताना प्रत्येक कडीसाठी एक वेगळा कागद कर: मूल, आईबाप, पुरावा, पुराव्याचं साल, घटनेपासूनचं अंतर, आणि त्या पुराव्याने कुणाचा लाभ होत होता. पहिल्यांदा फक्त अर्ल पहिल्या विल्यमपासून हॅमेलिनपर्यंतचे कागद पाठव. ते तपासून झाले की मग व्हर्मांद्वाकडे वळू.

तुझा,
श्रीधर