पार्कचा इतिहास पार्कवरच लावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझे वडील मिलमध्ये होते. पाळी सुटली की मला सायकलच्या दांडीवर बसवून पार्कला न्यायचे, डब्यात भाकरी आणि शेंगाचटणी, आणि पायरीवर बसून मॅच बघत आम्ही ती खायचो. आता कागदोपत्री नाव इंदिरा गांधी स्टेडियम असलं तरी सोलापूरकर त्याला पार्कच म्हणणार. हे महापालिकेचं, म्हणजे आपलं मैदान आहे. २०२४ च्या जानेवारीत महाराष्ट्र-मणिपूर रणजी मॅच इथं झाली तेव्हा बऱ्याच वर्षांनी गर्दी बघून मला भरून आलं. पण सोबतच्या नातवाने विचारलं, आजोबा इथं आधी कोण कोण खेळलं, आणि त्याला दाखवायला मला आत कुठं एक फोटो सापडला नाही, एक पाटी सापडली नाही.

मैदानाचा इतिहास कसा जपावा यासाठी बर्मिंगहॅमचं उदाहरण घ्या. इंग्लंडमधलं नाही, अमेरिकेतलं, अलाबामा राज्यातलं, आपलं गाव जसं गिरण्यांचं तसं ते लोखंड-पोलादाचं. तिथलं रिकवूड फील्ड हे बेसबॉलचं मैदान १८ ऑगस्ट १९१० ला सुरू झालं, तेही शहराच्याच मालकीचं. गोऱ्यांची बॅरन्स टीम आणि काळ्यांची ब्लॅक बॅरन्स, दोन्ही तिथंच खेळायच्या पण प्रेक्षकांना वेगवेगळं बसवायचे, आणि हा वाईट भागसुद्धा ते आज लपवत नाहीत. विली मेज हा पुढं जगभर गाजलेला खेळाडू १९४८ साली शाळेत असतानाच ब्लॅक बॅरन्सकडून खेळत होता. १९८७ च्या सीझननंतर बॅरन्स टीम दुसऱ्या स्टेडियमला गेली, मैदान ओस पडायची वेळ आली, तेव्हा १९९२ मध्ये लोकांनीच 'फ्रेंड्स ऑफ रिकवूड' काढून ते वाचवलं. हाताने आकडे बदलायचा स्कोअरबोर्डसुद्धा आहे तिथं! जून २०२४ मध्ये तिथं मेजर लीगची, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगची, मॅच झाली, तिच्या दोनच दिवस आधी मेज ९३ व्या वर्षी गेले.

आपल्या पार्क चौकात चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत म्हणून १२ जानेवारी १९३१ ला ते फाशी गेले हे पोरांना माहीत तरी होतं. मैदानाचं तसंच करा ना. महापालिकेने गेटच्या आतली एक भिंत द्यावी, लोकांच्या घरात जुने फोटो, स्कोअरशीट पडून असतील ते मागवावेत, ज्यांनी इथं मॅच बघितल्या ती म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांच्याकडून लिहून घ्यावं. माझ्याकडे वडिलांचा पार्कच्या पायरीवरचा एक फोटो आहे, तो मी आजच द्यायला तयार आहे.

– एक मिल कामगाराचा मुलगा, सोलापूर