जुने आउटबोर्ड घेताना धार पाहा, तेल पाहा

महोदय,

३१ जुलैला मासेमारीबंदी संपते. त्याच्या तोंडावर मांडवी-झुआरीच्या काठी होडीच्या मागे बाहेरून लावायच्या जुन्या आउटबोर्ड इंजिनांची शोधाशोध सुरू होते. गरजू होडीवाल्यांनी ताज्या रंगाला भुलू नये, त्याखाली गंज लपलेला असतो.

आधीच तापवून ठेवलेले इंजिन पाहूच नका. थंड इंजिन आपल्यासमोर सुरू करायला लावा. इंजिन थंड ठेवून बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार लगेच आणि सलग यायला हवी. तुटक आली तर इम्पेलर, म्हणजे पाणी खेचणारे पंपातले चाक, झिजलेला असतो किंवा आतल्या वाटा मिठाने बुजलेल्या असतात. इम्पेलर स्वस्तात बदलतो, मिठाने खाल्लेला ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, नाही.

स्पार्क प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, मोजा. दोन सिलिंडरांत १५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर किंमत कितीही कमी असो, सोडून द्या. मग गिअरबॉक्सचा खालचा स्क्रू सैल करून तेल बोटावर घ्या. ताकासारखे पांढुरके दिसले तर सील गेले, आत पाणी शिरले.

होडीच्या मागच्या फळीची उंची मोजूनच जा. १५ इंचांच्या फळीला २० इंची शाफ्टचे (पंख्यापर्यंतच्या दांड्याचे) इंजिन लावले तर पंखा उगाच खोल जातो आणि ओहोटीला चिखलात रुततो. नव्या इम्पेलरचे पैसे मात्र आधीच बाजूला काढा.

एक वाचक, बेतूल