ब्लूटूथ स्पीकरच्या सूचना मराठीत हव्यात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रंकाळ्यावर रोज सकाळी फिरायला येणाऱ्या आम्हा दहा-बारा निवृत्त मंडळींनी वर्गणी काढून, हरिपाठ आणि प्राणायामाच्या सूचना ऐकण्यासाठी, गेल्या महिन्यात तळहातावर मावेल एवढा ब्लूटूथ स्पीकर घेतला. विक्रेत्याने तो स्वतःच्या मोबाइलला जोडून गाणे वाजवून दाखवले, आम्ही माना डोलावल्या आणि पैसे देऊन बाहेर पडलो. दुसऱ्या दिवशी काठावर आमच्यापैकी एकाच्याही मोबाइलमध्ये त्याचे नाव दिसेना. खोक्यातील सूचनापत्र मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत होते आणि ते वाचण्यासाठी चष्म्यावर भिंगही धरावे लागले. दोन दिवस सर्वांनी स्पीकर बिघडलेला आहे असेच गृहीत धरले.

बिघाड काहीच नव्हता. असे बरेचसे स्पीकर सुरू होताच आधी जोडलेल्या मोबाइलचा शोध घेतात आणि त्या अवस्थेत नव्या मोबाइलला दिसत नाहीत. ब्लूटूथची खूण असलेले बटण काही सेकंद दाबून धरले, दिवा भराभर लुकलुकू लागला किंवा वेगळा आवाज आला, म्हणजे स्पीकर नव्या जोडणीला तयार झाला असे समजावे. मग मोबाइलच्या सेटिंगमध्ये ब्लूटूथ सुरू करून यादीतील स्पीकरच्या नावावर बोट ठेवायचे. जुन्या पद्धतीचा स्पीकर सांकेतिक क्रमांक मागतो, तो बहुधा ०००० असतो. जोडणीची खूणगाठ दोन्हीकडे साठवली जात असल्याने हा खटाटोप प्रत्येक मोबाइलसाठी एकदाच करावा लागतो. पूर्वी जोडलेला मोबाइलच जुळेनासा झाला, तर त्याच्या यादीतून स्पीकरचे नाव काढून टाकून नव्याने जोडणी करावी. एवढ्या चार ओळी मराठीत छापल्या असत्या तर आमचे दोन दिवस वाचले असते. ब्लूटूथ हे नाव दहाव्या शतकातील डेन्मार्कच्या हॅराल्ड राजावरून घेतले असून त्याने विखुरलेल्या लोकांना एकत्र आणले असे सांगतात; आमच्यात मात्र त्याने दोन दिवस भांडणे लावली.

एकाच वेळी दोन मोबाइलना जोडून घेणारे स्पीकरही असतात. आमचा त्यातलाच आहे हे, हरिपाठाच्या मधोमध एका सदस्याने मोबाइलवर उघडलेला गुळाच्या दरांचा व्हिडिओ सर्वांना मोठ्याने ऐकू आला, तेव्हा समजले.

आवाज मध्येच तुटण्याचे कारणही सूचनापत्रात नव्हते. ब्लूटूथच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील असतात आणि आपल्या शरीरातील पाणी त्या शोषून घेते. घरात त्या भिंतींवर आदळून वळसा घालून पोहोचतात, पण तळ्याकाठच्या मोकळ्या जागेत ती सोय नसते; त्यामुळे मोबाइल मागच्या खिशात आणि स्पीकर समोर कट्ट्यावर असला की आठ-दहा मीटरच्या आतही हरिपाठ अडखळतो. आता मोबाइल स्पीकरशेजारीच ठेवतो.

वेष्टनावरील किंमत, उत्पादकाचा पत्ता इत्यादी मजकूर हिंदी किंवा इंग्रजीत असावा, असे वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ सांगतात, पण सोबत अन्य भाषा वापरण्यास त्यांत मज्जाव नाही. मग वापराच्या सूचना मराठीत देण्यास उत्पादकांना अडचण कोणती? ते होईपर्यंत राजारामपुरी-लक्ष्मीपुरीतील विक्रेत्यांना एक विनंती आहे. स्पीकर स्वतःच्या मोबाइलवर वाजवून दाखवण्याऐवजी ग्राहकाच्या मोबाइलला, ग्राहकाच्याच हातून जोडून घ्यावा, एकदा ती जोडणी काढून पुन्हा करायला लावावी आणि मगच पावती फाडावी. या कामाला पाच मिनिटेही लागत नाहीत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
मंगळवार पेठ, कोल्हापूर