महाबळेश्वरचे आरक्षण रद्द केले, त्याविषयी

पुणे,
१८ डिसेंबर २०२५

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फेब्रुवारीत तुमच्या लग्नाला पन्नास वर्षे होत आहेत म्हणून महाबळेश्वरच्या ज्या हॉटेलात तुमच्यासाठी खोली ठरवली होती, ते आरक्षण मी काल रद्द केले. हे फोनवर सांगितले असते तर बाबा, तुम्ही लगेच ‘अगं, आम्ही चालवून घेतले असते’ असे म्हणाला असता आणि माझे पुढचे सगळे बोलणे तिथेच राहिले असते, म्हणून मुद्दाम पत्र लिहीत आहे.

तुम्हाला पाठवण्याआधी आपण स्वतः एकदा राहून पाहावे, या विचाराने मागच्या शुक्रवारी आम्ही दोघे सासूबाईंना घेऊन तिथे दोन रात्रींसाठी गेलो होतो. खोली ठरवताना मी फोनवर तीनच गोष्टी विचारल्या होत्या: खोली तळमजल्यावर मिळेल का, नाहीतर लिफ्ट आहे का, आणि सकाळी सहाला गरम पाणी असते का. तिन्हींना ‘हो मॅडम, काही काळजी करू नका’ असे उत्तर मिळाले होते.

आम्ही दुपारी बाराला पोहोचलो आणि खोली सव्वातीनला हातात आली. मधल्या वेळात काउंटरवरच्या मुलाने ‘पाच मिनिटांत’ हे शब्द इतक्या वेळा उच्चारले की शेवटी सासूबाई त्याला ‘बाळ, तुझे घड्याळ कुठले रे?’ असे विचारत्या झाल्या. खोली तिसऱ्या मजल्यावरची निघाली. लिफ्टच्या दारावर ‘लिफ्ट बंद आहे, सहकार्य करावे’ असा कागद होता. त्याच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या आणि चिकटपट्टी वाळून सुटत आली होती, म्हणजे लिफ्ट काही त्या दिवशी बंद पडलेली नव्हती. मी ज्या दिवशी फोन केला, त्या दिवशीही ती बंदच असणार. चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई प्रत्येक वळणावर थांबत, कठड्याला धरून वर चढल्या. सामान उचलणाऱ्या पोराने मात्र कोणी न सांगता एक प्लास्टिकची खुर्ची आणून दुसऱ्या मजल्यावर ठेवली. सगळ्या मुक्कामात जी आपुलकी दिसली ती त्याच्याकडूनच, आणि त्याचा पगार सगळ्यांत कमी असणार. आई, मी त्या जिन्याकडे पाहत होते आणि मला तुझे गुडघेच दिसत होते.

पाण्याची गोष्ट तर सांगण्यासारखी आहे. महाबळेश्वर तेराशे मीटरहून उंच, डिसेंबरची पहाट, आणि हॉटेलाची सारी भिस्त गच्चीवरच्या सोलरवर. त्यावर सकाळभर झाडांची सावली. गरम पाणी ‘सात ते नऊ’ येते, हे आम्हाला तिथे गेल्यावर कळले आणि प्रत्यक्षात आठ वाजता जे आले ते कोमट म्हणण्याच्याही लायकीचे नव्हते. स्वयंपाकघरातून एक बादली तापवून द्या, अशी विनंती केली, तर ‘तशी पद्धत नाही’ असे उत्तर आले. शेवटी हातपाय धुऊन आम्ही क्षेत्र महाबळेश्वरला निघालो. पंचगंगेच्या देवळात, जिथे कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री यांचे पाणी एकत्र होऊन गोमुखातून पडते, तिथे सासूबाईंनी ओंजळ पुढे केली आणि म्हणाल्या, ‘हे आपल्या खोलीतल्या नळापेक्षा ऊन आहे गं.’ त्या हसल्या, पण रात्रभर ओलसर वासाच्या रजईत त्यांना झोप लागलेली नव्हती. रजई बदलून मागितली होती. ती शेवटपर्यंत आली नाही.

बाबा, तुम्ही आम्हाला लहानपणी पंढरपूरला ज्या धर्मशाळेत नेत असा, तिथे तरी काय मिळत असे? भाड्याची सतरंजी, विहिरीचे पाणी आणि दहा वाजता दिवे बंद. पण ते सारे दारातल्या पाटीवर लिहिलेले असे आणि आपण ते वाचून आत जात असू. तुमचे चालवून घेणे त्या पाटीशी होते. इथे सगळे मिळेल असे गोड आवाजात सांगून पैसे घेतले होते आणि तक्रार केली की ‘मॅनेजर साहेब बाहेर गेले आहेत’ एवढेच ऐकायला मिळत होते.

बिल पाहिल्यावर तर तुमचीच आठवण झाली. दोन रात्रींचे भाडे ८,४०० रुपये, त्यावर जीएसटी बारा टक्क्यांनी १,००८ रुपये. वास्तविक साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांवरचा कर २२ सप्टेंबरपासून पाच टक्के झाला आहे, म्हणजे ४२० रुपये व्हायला हवे होते. ‘सिस्टीममध्ये तसेच येते’ असे उत्तर मिळाले. जेवणाच्या १,८६० रुपयांवर दहा टक्के सेवाशुल्कही न विचारता लावले होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असे शुल्क आपोआप लावण्यास २०२२ मध्येच मनाई केली आहे आणि दिल्ली उच्च न्यायालयाने या मार्चमध्ये ती कायम ठेवली, हे मी सांगताच १८६ रुपये तत्काळ वजा झाले. इतके तत्काळ, की नियम त्यांना आधीपासून ठाऊक असावा. कराच्या फरकाचे ५८८ रुपये मात्र ‘सीएंना विचारून कळवतो’ म्हणून राहिले आहेत. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. गरज पडली तर जिल्हा आयोगाकडे पुण्यातूनच अर्ज करता येतो आणि एवढ्या लहान रकमेला तिथे शुल्कही नाही. ‘५८८ रुपयांसाठी एवढे?’ असे आई म्हणेल, हे मला माहीत आहे.

परतताना पाचगणीत एका घरी भाड्याच्या दोन खोल्या पाहिल्या. तळमजला आहे, दाराशी एकच पायरी आहे, गीझर मी स्वतः लावून पाहिला आणि न्हाणीघरात धरायला दांडाही आहे. पलंग जरा ठेंगणा वाटला, तेव्हा आई, बसता-उठताना तुला किती उंची लागते ते आपल्या घरचा पलंग मोजून कळव, म्हणजे जाड गादी टाकून घेता येईल. तुमची हरकत नसेल तर रविवारी मी तिथे पैसे भरीन.

बाबा, बिलाची झेरॉक्स सोबत जोडली आहे. माझी आकडेमोड एकदा तुमच्या लाल पेन्सिलीने तपासून परत पाठवावी. आयोगाकडे जायचे झाले तर तीच प्रत लावणार आहे.

तुमची लेक