सगळं खापर मोबाईलवर नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत मुलींच्या डाएटवर लेख आला, सगळं खापर मोबाईल आणि हिरॉइनींवर. माझ्या वेळी हातात मोबाईल नव्हता, तरी मला बुलिमिया, म्हणजे भसाभसा खायचं आणि मग मुद्दाम उलटी काढायची हा आजार, झालाच.

मी सात वर्षांची असताना आई चार महिने परगावी दवाखान्यात होती, मला मामाकडे ठेवलं आणि कुणी धड काही सांगेना, नुसतं "येईल हं". मग रोज शाळेच्या वेळेला पोट दुखायचं, आणि आई परत आली तरी मी रात्री उठून ती आहे ना हे हात लावून बघायचे. घरचे म्हणायचे, नाटकं करते. अकरावीला हॉस्टेलवर गेले आणि ती धाकधूक जेवणात शिरली. सोमवार, संकष्टी, एकादशी सगळं धरलं, काकू-मावशी कौतुक करायच्या की पोरगी किती श्रद्धाळू, आणि मग एखाद्या रात्री घरून आलेला चकल्यांचा अख्खा डबा संपवून बाथरूममध्ये नळ सोडून उलट्या. पाळी बंद झाली तर डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, जेवतेस का हे विचारलंच नाही. पकडलं कोणी, तर दातवाल्या डॉक्टरांनी! वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू झिजलेली दिसली, पोटातल्या ॲसिडने तशी झिजते म्हणे, त्यांनी हळूच विचारलं, "उलट्या होतात का गं?" मी रडलेच.

या आजाराला बुलिमिया नर्व्होसा हे नाव १९७९ मध्ये लंडनच्या डॉ. जेराल्ड रसेल यांनी दिलं, १९९५ मध्ये प्रिन्सेस डायना टीव्हीवर स्वतःच्या बुलिमियाबद्दल बोलली, म्हणजे इन्स्टाच्या कितीतरी आधीची गोष्ट. असे आजार झालेल्या बऱ्याच जणींना लहानपणापासूनच अँग्झायटी असते, हे मला तिशीत कौन्सेलरकडून कळलं. जवळचं माणूस अचानक दिसेनासं झालं की मूल किती हादरतं यावर जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञांनी आयुष्यभर काम केलं तेही तिनेच सांगितलं. पण आता आईला दोष देत बसू नका हं, अनुवंशिकतेपासून दहा कारणं असतात, आणि माझी आई काय हौसेने दवाखान्यात गेली होती?

अशा लेखाखाली टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर छापत जा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. परवा त्या लेखाखाली "महिन्यात दहा किलो घटवा" अशी जाहिरात होती, ती निदान दुसऱ्या पानावर तरी टाका.

आपली,
एक वाचक, सातारा